तुम्ही विचारलंत म्हणून: किती जण सुटले?

बेळगावच्या वडगावातल्या एका मंडळानं नवरात्रात मला बोलायला बोलावलं होतं. विषय त्यांनीच ठरवलेला, व्यसनमुक्ती. पुढं बायका बसलेल्या, पुरुष मागं खांबांना टेकून उभे. मी पंधरा-वीस मिनिटं बोलले. संपल्यावर एक निवृत्त गुरुजी उठले आणि म्हणाले, "बाई, काम चांगलं करतासा. पण एक सांगा, आजवर किती जण सुटले?"

मी म्हटलं, "अकरा."

हा आकडा तोंडात कुठून आला, देव जाणे. टाळ्या पडल्या, नारळ मिळाला, आणि घरी येताना रिक्षात तो अकराच टोचत राहिला. हा प्रश्न मला लग्नात विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात, सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या बायका तर दर एकादशीला विचारतात. दर वेळी मी काहीतरी फेकून मोकळी होते. गुरुजी, तुम्ही माणूस सरळ आहात, म्हणून या वेळी नीट सांगते.

मी आउटरीच वर्कर. नशा करणारी माणसं जिथं असतात तिथं जायचं आणि तपासणी, औषध, समुपदेशन, वकील, जे लागेल त्याच्यापर्यंत त्यांना पोचवायचं, एवढंच माझं काम. आधी काही वर्षं याच जिल्ह्यात देवदासी बायकांबरोबर एचआयव्हीच्या प्रकल्पात होते. लोकांच्या दारात न बोलावता कसं जायचं आणि हाकललं तरी पुढच्या आठवड्यात परत कसं जायचं, ते त्या बायकांनी शिकवलं. आता शहापूरपासून उद्यमबागेपर्यंतचा पट्टा माझ्याकडं आहे. नेमक्या जागा सांगणार नाही. जागा सांगितली की चार दिवसांत तिथं पोलिसांची गाडी येते, पोरं पांगतात आणि त्यांना परत शोधायला मला दोन महिने लागतात.

पहिल्यांदा दारूचं सांगते, कारण सगळ्यांना इंजेक्शनच्या गोष्टी ऐकायच्या असतात आणि माणसं मरतात ती जास्त करून दारूनं. दिल्लीच्या एम्सनं केलेल्या देशभरच्या पाहणीचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता, असं त्यात आहे. आमच्याकडं बाकीचे ३७ काय करतात? माळ घालतात. कुणी पंढरपूरची, कुणी अय्यप्पाची. मी माळेला नावं ठेवत नाही. माझ्या माहितीत माळेनं टिकलेली माणसं आहेत. पण खासबागेतल्या एका मागवाल्यानं, म्हणजे विणकरानं, वीस वर्षांची रोजची दारू कार्तिकीला एका दिवसात बंद केली. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, मग झटके आले. घरचे म्हणाले, बाहेरचं काहीतरी आहे, अंगारा आणा. बायको मला ओळखत होती म्हणून तिनं फोन केला. आम्ही त्याला घातलं रिक्षात.

रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकाएकी तोडली तर जीव जाऊ शकतो, हे आपल्याकडं कुणी सांगतच नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या देऊन, हळूहळू त्या कमी करत उतरवावं लागतं. ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी बी-१ जीवनसत्त्व द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून केसपेपर काढताना मी पहिलं वाक्य तेच बोलते, "रोज पिणारा आहे, तीन दिवस झाले बंद करून." लाज वाटते म्हणून घरचे नेमकं तेवढंच लपवतात. तो मागवाला वाचला. माळ अजून गळ्यात आहे. माझ्या अकरांत तो नक्की होता.

आता सुया. आपल्याकडं पंजाब-मणिपूरसारखं चित्र नाही. इंजेक्शन घेणारे थोडे आहेत, पण लपून आहेत. कुणी मुंबई-गोव्याला कामाला गेला आणि तिथून सवय घेऊन आला. कुणी दुखण्याच्या गोळ्या विरघळवून टोचतो. अलीकडं जिमला जाणारी पोरं रक्तदाब वाढवायचं इंजेक्शन घेतात. ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब पडला तर देतात ते. व्यायामाला दम येतो म्हणे. ही पोरं स्वतःला नशेबाज मानतच नाहीत. माझ्याशी बोलताना छाती काढून उभी राहतात.

माझ्या पिशवीत नव्या सुया-सिरिंजा असतात, स्पिरिटचे बोळे, पट्टी, कंडोम आणि वापरलेल्या सुयांसाठी जाड प्लास्टिकचा डबा. जुनी आण, नवी घे. "म्हणजे तुम्हीच त्यांना नशा पुरवता," असं म्हणणारा एक तरी भेटतोच. सुई मी दिली नाही तर तो घ्यायचा थांबत नाही, तो शेजारच्याची घेतो. एचआयव्हीच्या २०१७ च्या कायद्यानं या कामाला संरक्षण दिलेलं आहे. त्यापुढं वाद घालत बसायला मला वेळ नसतो.

पोरांना वाटतं, सुई आपली असली की झालं. पण वाटीतलं पाणी सगळ्यांचं, चमचा एक, गाळायचा कापूस एक. हेपॅटायटिस सी तेवढ्यातूनही जातो. हे कळायला मलाही वेळ लागला. बरं, तो झाला तरी आता बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक जण बरे होतात, आणि २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात त्या फुकट आहेत. हे मी सांगते तेव्हा समोरचा माझ्याकडं संशयानं बघतो. फुकट आणि बरं होणार, दोन्ही एकदम? यात काहीतरी भानगड असणार.

आणि भानगड असतेच. तिचं नाव खिडकी.

एका रंगकाम करणाऱ्या पोराच्या दंडावर गळू झालं होतं, इंजेक्शनच्या जागी. तीन आठवडे माझ्या मागं लागून मलम घेत होता, मग एकदाचा दवाखान्यात यायला तयार झाला. कुठला दवाखाना ते सांगत नाही. पहिल्या दिवशी मी त्याला पत्ता आणि चिठ्ठी दिली, रजिस्टरमध्ये 'रेफरल झाला' असं लिहिलं आणि स्वतःवर खूश झाले. तो गेला. फॉर्म कन्नडमध्ये. पोराचं सहावीपर्यंतचं शिक्षण मराठी शाळेत. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "हेसरेनु?" यानं नाव सांगितलं. पुढचे दोन प्रश्न कळले नाहीत. मागच्या रांगेतले च्च च्च करायला लागले. शेवटी उत्तर मिळालं, "नाळे बर्री." उद्या या. तो उद्या गेला नाही.

दुसऱ्या खेपेला मी बरोबर गेले आणि सगळं मीच बोलले. समुपदेशक मुलगी चांगली होती, कन्नड आणि हिंदी बोलणारी. पोरगा तिला म्हणाला, "अंग मोडतंय." मी तेव्हा बाहेर सही करत होते. तिनं हिंदीत विचारलं, बुखार है? हा मान हलवून हो म्हणाला. बाहेर आला तेव्हा हातात तापाच्या गोळ्यांची चिठ्ठी! मुंबईहून परतलेली पोरं औषध तुटल्यावरच्या त्या अवस्थेला 'टर्की' म्हणतात. इथली पोरं म्हणतात, अंग मोडतंय. नाक गळतंय, पोटऱ्या ओढतात, झोप नाही, अंगावर काटा, हे सगळं त्या दोन शब्दांत असतं. शब्दकोशात सापडणार नाही. चूक कुणाची धरायची? तिची नाही, त्याचीही नाही. पुढच्या वेळी मी एका कागदावर असे पंधरा-सोळा शब्द मराठी-कन्नड लिहून नेले. तो कागद अजून तिच्या टेबलाच्या काचेखाली आहे. वर्षभराच्या कामात मला कशाचा अभिमान वाटत असेल तर त्या कागदाचा.

ड्रेसिंग करणाऱ्या बाईंनी त्याला विचारलं, "टोचून घेताना दुखलं नाही, आता कसं दुखतंय?" तो गप्प राहिला. मीही गप्प राहिले, कारण भांडले असते तर पुढच्या दहा जणांचं ड्रेसिंग अडलं असतं. हा हिशेब बरोबर होता का, मला अजून सांगता येत नाही.

सीमेवर आणखी एक गंमत आहे. गावात कुणी बघू नये म्हणून लोक पलीकडं जातात. कागवाडचा मिरजेला, निपाणीचा कोल्हापूरला. तिथं मराठीत बोलता येतं, डॉक्टर ओळखीचा नसतो. एकजण मिरजेला गेला आणि रांगेत त्याच्या पुढं त्याचा सख्खा चुलता उभा! दोघांनी एकमेकांना ओळख दाखवली नाही म्हणे, आणि परतीच्या एकाच गाडीत पुढं-मागं बसून आले. हसू येतं, पण या दोघांचा पाठपुरावा कुणी करायचा? माझं रजिस्टर सीमेला थांबतं.

आणि ओएसटी, म्हणजे नशेच्या जागी द्यायचं औषध. अफूच्या जातीच्या औषधांची सवय असलेल्याला ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देतात, जिभेखाली ठेवायची, समोरच विरघळवायची. अंग मोडायचं थांबतं, माणूस कामावर जाऊ शकतो. पण ती रोज केंद्रावर येऊन घ्यायची. उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणारा सकाळी सातला आत जातो, केंद्र उघडतं नंतर. मग एक तर गोळी, नाही तर पगार. एकानं सतरा दिवस गोळी घेतली, अठराव्या दिवशी मुकादमानं सांगितलं, उद्यापासून वेळेवर ये नाहीतर येऊ नको. लोक म्हणाले, बघा, परत लागला. अहो, तो नशेला परत लागला तो केंद्राच्या वेळापत्रकामुळं.

पोलिसांचंही विचारतात. नुसतं सेवन केलं तरी १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात कलम २७ खाली शिक्षा आहे, गांजासाठी सहा महिन्यांपर्यंत. पण त्याच कायद्यात कलम ६४-ए आहे. व्यसनी माणूस सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडला आणि आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला तयार झाला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडला तर मात्र ही सवलत जाऊ शकते. हे कलम मी मराठी आणि कन्नडमध्ये छापून पिशवीत ठेवलंय. किती आयांनी ते ब्लाउजात घडी करून नेलंय.

आता तुमच्या प्रश्नाकडं येते, गुरुजी.

एक पोरगा होता. तेवीस वर्षांचा, बोलायला गोड, मला अक्का म्हणायचा. चोरीच्या गुन्ह्यात आत गेला. सहा महिन्यांनी जामिनावर आला. आईनं ओवाळून घरात घेतलं, गल्लीत सांगितलं, सुटला माझा पोरगा. आतमध्ये त्याला काही मिळालेलं नव्हतं, म्हणजे नशेतूनही सुटलेलाच होता. सगळे खूश. मीही माझ्या वहीत त्याच्या नावापुढं बरोबरची खूण केली.

पाचव्या दिवशी जुने दोस्त भेटले. त्यानं पूर्वी घ्यायचा तेवढंच घेतलं. सहा महिन्यांत शरीर ती सवय विसरलेलं असतं, पूर्वीचं प्रमाण आता झेपत नाही. श्वास मंदावत जातो, ओठ निळे पडतात, माणूस घोरल्यासारखा आवाज करतो आणि बाकीच्यांना वाटतं, झोपलाय. दोस्तांना कळलं तेव्हा ते पोलिसांच्या भीतीनं पळाले. १०८ ला फोन केला असता, कुशीवर वळवून कुणी शेजारी बसलं असतं, तर वेळ मिळाला असता. दवाखान्यात यावर नालोक्सोन नावाचं इंजेक्शन असतं. मिनिटांत श्वास परत आणतं.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. आई भिंतीला टेकून बसली होती. शेजारची एक म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "जाऊ दे गं. सुटला बिचारा."

तेव्हापासून हा शब्द माझ्यानं बोलवत नाही. माझ्या रजिस्टरला बरेच रकाने आहेत. किती वेळा भेट झाली, सुया किती दिल्या, किती परत आल्या, तपासणी कधी, गोळी चालू की बंद. सुटल्याचा रकाना नाही, आणि पूर्वी मला ती त्या रजिस्टरची उणीव वाटायची. आता तुरुंगातून कुणी यायचा असला की मी ओवाळणीच्या आधी घरात जाऊन बसते. त्याला सांगते, घेऊ नकोस. आणि आईच्या देखतच पुढचं सांगते, घेतलंसच तर पूर्वीएवढं घेऊ नकोस, आणि एकटा असताना घेऊ नकोस. दोन आयांनी मला घराबाहेर काढलंय यावरून. त्यातल्या एकीचा मुलगा अजून मला भेटतो.

मग ते अकरा कोण? आकडा तोंडातून गेल्यावर मी घरी बसून नावं काढली. दारू सोडून वर्षाच्या वर झालेले सात निघाले. गोळीवर टिकलेले दोघे. एक गोव्याला गेला, त्याचा फोन लागत नाही. एक परत घ्यायला लागला होता, पण मी मंडळात बोलले तेव्हा मला ते माहीत नव्हतं. म्हणजे तुमच्यासमोर खोटं बोलले ते इतकं. आणि या यादीत रंगकामवाला नाही, कारण तो अजून घेतोच.

काल तो भेटला. दंड भरून आलाय, खूण राहिलीय. त्यानं चार वापरलेल्या सुया डब्यात टाकल्या, चार नव्या घेतल्या. मी वहीत लिहीत होते. जाता जाता थांबला. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी मानसोपचाराचे डॉक्टर येतात, हे मी त्याला गेल्या पावसाळ्यात कधीतरी सांगितलं होतं.

"अक्का," म्हणाला, "त्या मंगळवारच्या डॉक्टरला मराठी येतंय काय?"

मी म्हटलं, "थोडं थोडं. मी येते की बरोबर."