तीन गोलांची लीड

शुक्रवार, 31 ऑक्टोबर 2025

चौथा गोल झाला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. सकाळपासून डोक्यात तेच आहे. रडू आलं असतं, चिडून मोबाईल गादीवर टाकला असता, तर त्यात नवल नव्हतं. पण ब्राझीलच्या पाल्मेइरास क्लबच्या राफाएल वेगा याने पेनल्टी आत घातली, 4-0 झालं, आमच्या लीगा दे क्विटोची, इक्वेडोरच्या क्लबची, कोपा लिबर्तादोरेसची (दक्षिण अमेरिकेतल्या फुटबॉल क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) सेमी तिथंच संपली, आणि माझे खांदे आपोआप सैल झाले. आठवड्यात पहिल्यांदाच नीट श्वास घेतला मी.

तेवढ्यात दादाचा मेसेज आला. "चला, एकदाचं संपलं."

वाचून इतका राग आला की उत्तरच दिलं नाही. मला वाटत होतं तेच त्याने लिहिलं होतं, मग राग कशाचा? दिवसभर कामात लक्ष नाही. दुपारी डबा खातानाही तेच. आपल्याला हवी होती ती गोष्ट हातातून गेली, आणि बरं वाटलं. असं कसं वाटू शकतं माणसाला?

मागच्या शुक्रवारी, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, आम्ही दोघं आतल्या खोलीत याच सेमीचा पहिला लेग बघत बसलो होतो (दोन लेग, म्हणजे दोन सामने, एक यांच्या मैदानावर, एक त्यांच्या). आई जागी होऊ नये म्हणून आवाज बंद. दादा कपाटाला पाठ टेकून जमिनीवर, त्याचा गुडघा सरळ ठेवलेला. मध्ये चिवड्याचा डबा. तो येईल असं मला शेवटपर्यंत वाटलं नव्हतं. ओवाळताना आई काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

क्विटोत सोळाव्या मिनिटाला लीगाच्या व्हियामिलने पहिला गोल मारला. बोलिव्हियाचा पोरगा, मधल्या फळीतला. मग आल्सुगारायची पेनल्टी. ती घेताना दादाने पडद्याकडे पाहिलंच नाही, माझ्या तोंडाकडे बघत होता, म्हणजे झालं की नाही ते त्याला तिथून कळणार. आणि हाफटाइमच्या तोंडावर पुन्हा व्हियामिल. 3-0. पाल्मेइरासविरुद्ध! 2020 आणि 2021 अशी लागोपाठ दोन वर्षं हा कप उचललेला संघ, कोच आबेल फेरेराचा संघ, पंचेचाळीस मिनिटांत तीन गोल खातो. असं बघायला मिळत नाही.

मी तोंडावर हात दाबून नाचत होते. दादा म्हणाला, "बास आता. इथंच शेवटची शिट्टी मारा म्हणावं."

तेव्हा हसले मी. पण सारखं आठवतंय, की त्या क्षणापासून आम्ही दोघंही खूश नव्हतो. उत्तरार्धात चौथा व्हावा असं मला वाटत होतं ते आनंदाने नाही, भीतीने. तीन पुरणार नाहीत, चार हवेत. चार झाले असते तर पाच हवे झाले असते. दादा तर सरळ म्हणाला, हे हवेचे गोल आहेत. क्विटो समुद्रसपाटीपासून 2,850 मीटरवर. तिथं बॉल वेगळा उडतो, खालून आलेल्या संघाची तासाभरात दमछाक होते. साओ पाउलोत हवा सगळ्यांना सारखी, तिथं बघ काय होतं ते. मी भांडले. त्याच साओ पाउलो शहरात, मोरुंबीवर, सप्टेंबरात साओ पाउलो क्लबला 1-0 हरवून आलेत हे. त्याआधी गतविजेत्या बोताफोगोला घालवलं, पहिला लेग रिओत हरून. हवेवर एवढं सगळं होत नाही. दादा म्हणाला, "अगं, मी त्यांच्याच बाजूचा आहे. म्हणून तर बोलतोय."

मग आठवडा गेला.

वर्ल्डकपला आमचं कोल्हापूर ब्राझील आणि अर्जेंटिना असं वाटलं जातं. पेठापेठांत झेंडे, चौकाचौकात पोस्टर. पण लिबर्तादोरेसच्या बाद फेरीसाठी पहाटे उठणारं गल्लीत दुसरं कोणी नाही. त्यामुळे ही भीती बोलून दाखवायला माणूसही नाही. भाजी निवडताना, बसमध्ये, झोपताना मी गोल मोजत होते. दोन लेगचे गोल एकत्र. परक्या मैदानावरच्या गोलाला जास्त वजन देण्याचा नियम 2022 पासून निघाला, त्यामुळे तो आधार नाही. त्यांनी एक मारला तरी चालेल. दोन मारले तरी चालेल. तीन मारले तर टायब्रेकर, कारण फायनल सोडली तर या स्पर्धेत जादा वेळ नाही, नव्वद मिनिटं झाली की थेट पेनल्ट्या. जिंकलेल्या संघाच्या बाजूची मी, आणि आठवडाभर हिशोब फक्त हरण्याचा केला.

आणि आज सकाळी तसंच होत गेलं. विसाव्या मिनिटाला रामोन सोसा. हाफटाइमच्या आधी ब्रुनो फुक्स, तोही डिफेंडर. अजून एका गोलाची लीड होती आपल्याकडे, म्हणजे फायनलला आपणच चाललो होतो, आणि मी पोटात गोळा घेऊन बसले होते. 68व्या मिनिटाला वेगा. 3-0. दोन लेग मिळून सगळं बरोबरीत.

हे लिहिताना आत्ता लक्षात येतंय. सुटका चौथ्या गोलाला झाली असं मी दिवसभर समजत होते, पण ती तिसऱ्यालाच सुरू झाली होती. 68 ते 82, ती चौदा मिनिटं मला सगळ्यात सोपी गेली. त्यात मी मॅच बघितली. खरोखर बघितली. कोण कुठे धावतंय, कुणाचा पास चुकतोय, सगळं दिसायला लागलं. त्याआधीची दीड मॅच मी फक्त आकड्याकडे बघत होते. तिसऱ्या गोलाने लीगा हरली नव्हती, फक्त सांभाळायचं काही उरलं नव्हतं.

असं असेल तर ती गद्दारी नाही. आहे का? कळत नाही. दिवसभर स्वतःला गद्दारच म्हणत होते.

2008 सालची गोष्ट दादानेच मला पहिल्यांदा सांगितली होती, लीगा आमची झाली ती त्याच गोष्टीमुळे. इक्वेडोरच्या कोणत्याही क्लबने हा कप जिंकलेला नव्हता, त्यानंतरही दुसऱ्या कुणी जिंकलेला नाही. फायनलचा पहिला लेग क्विटोत, ब्राझीलच्या फ्लुमिनेन्सविरुद्ध 4-2. दुसरा रिओच्या मारकान्या स्टेडियमवर. तिथं सुरुवातीलाच लीगाच्या बोलान्योसने गोल केला, म्हणजे लीड तीनची. तेव्हाही तीनच. मग फ्लुमिनेन्सच्या थियागो नेव्हेसने एकट्याने तीन मारले आणि उत्तरार्ध नीट रंगायच्या आत सगळं पुसून टाकलं. 5-5. मारकान्या भरलेलं, समोर हॅटट्रिक मारलेला माणूस, आणि हातात काही नाही. तिथून पुढे मात्र लीगाने एकही गोल खाल्ला नाही. उरलेला वेळ, मग जादा वेळ, मग टायब्रेकर. लीगाचा गोलकीपर सेव्हायोसने तीन पेनल्ट्या अडवल्या, त्यातली एक त्याच थियागो नेव्हेसची. 3-1.

लीड गेल्यावरच ते पाय रोवून उभे राहिले. दादा नेहमी सेव्हायोसचं सांगतो, सेव्हायोस थोरच, पण मला आज ती मधली तास-दीड तासाची वेळ दिसतेय. घाबरायचं कारण संपलेली माणसं कशी खेळतात ते.

2013 मध्ये ब्राझीलच्या आत्लेतिको मिनेइरोने सेमी आणि फायनल, दोन्हीचा पहिला लेग 0-2 हरला होता. न्यूवेल्सविरुद्धही आणि ऑलिंपियाविरुद्धही. दोन्ही वेळा घरी 2-0 करून टायब्रेकरवर जिंकले. रोनाल्डिन्यो होता, पण लोकांना आठवतो तो गोलकीपर व्हिक्टर. क्वार्टरफायनलला तिजुआनाविरुद्ध अगदी शेवटी पेनल्टी, गेली आत तर सगळं संपलं, आणि व्हिक्टरने उजवीकडे झेपावता झेपावता डाव्या पायाने ती उडवली. तो पाय मी किती वेळा बघितलाय. गोलकीपरचा पाय म्हटलं की शापेकोएन्सेचा डॅनिलोही आठवतो, 2016 ची सुदामेरिकानाची (लिबर्तादोरेसच्या खालोखालची स्पर्धा) सेमी, सान लोरेन्सोविरुद्ध शेवटच्या मिनिटाला. तोही पायानेच अडवला. फायनलला गेले ते. पाच दिवसांनी त्यांचं विमान

नको, आज ते नको.

बोकाचं सांगते. 2023 ला अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सने फायनलपर्यंत बाद फेरीचा एकही सामना जिंकला नाही. नासिओनाल, रासिंग, पाल्मेइरास, सहाच्या सहा ड्रॉ. तिन्ही वेळा टायब्रेकर, तिन्ही वेळा त्यांचा गोलकीपर रोमेरो, सगळ्यांचा चिकितो. सेमीत त्याने अडवलेल्यांत हाच वेगा होता, आज ज्याची पेनल्टी थेट आत गेली. मी तेव्हा बोकाला नावं ठेवायची, काय हे रडत रडत पुढं जाणं. आज वाटतंय, त्यांच्या लोकांनी ते तीन महिने बरे काढले असतील. मॅच कशीही होवो, शेवटी चिकितोच्या हातात देऊन मोकळं व्हायचं. फायनलला मात्र जादा वेळात फ्लुमिनेन्सच्या जॉन केनेडीने मारला आणि संपलं.

मग पुन्हा वाईट वाटायला लागतं. कारण भीतीचं काहीही असो, शेवटी जिंकतं कोण? 2019 पासून दरवर्षी ब्राझीलचा क्लब. फ्लामेंगो, पाल्मेइरास, पाल्मेइरास, फ्लामेंगो, फ्लुमिनेन्स, बोताफोगो. यंदाही ब्राझीलच, कारण परवा दुसऱ्या सेमीत अर्जेंटिनाच्या रासिंगने आपल्या घरी, अवेयानेदात, फ्लामेंगोला दहा जणांवर आणूनही 0-0 च केलं, आणि फ्लामेंगो फायनलला गेलं. पैसा तिकडे आहे, परदेशातून परत येणारे खेळाडू तिकडे येतात, बाकीच्यांची चांगली पोरं तिकडे जातात. क्विटोसारख्या ठिकाणच्या माणसाने वर्षभर जीव लावायचा आणि ऑक्टोबरात हे बघायचं. आपल्यालाच का दर वेळी छोटा संघ आवडतो? दादाला पेठेतही तसाच संघ मिळाला, चांगला खेळायचा आणि शाहू स्टेडियमवर सेमीला घरी यायचा. गुडघाही त्यातच गेला. त्यावर तो एक अक्षर बोलत नाही.

नऊ वाजले. आई झोपली. मघाशी मी पहिल्या लेगचा पूर्वार्ध परत लावला. आवाज चालू ठेवून.

आणि चांगलं वाटलं. निकाल माहीत असूनही व्हियामिलचा पहिला गोल चांगला वाटला, दुसरा त्याहून. मागच्या शुक्रवारी मला यातलं काही नीट दिसलंच नव्हतं. गोल झाल्यावर स्टेडियम कसं हललं, पांढरे शर्ट कसे एकमेकांवर पडले. क्विटोच्या त्या लोकांना ती रात्र मिळाली, ती काही पाल्मेइरासने परत नेली नाही. त्यांनाही आठवडाभर झोप लागली नसणारच. काल रात्री चौथा झाल्यावर त्यांच्यातल्याही कुणाचे तरी खांदे सैल झाले असतील. त्यांना कुणी गद्दार म्हणणार नाही. मी तर नाहीच म्हणणार.

दादाचा राग का आला तेही थोडं कळतंय. भाऊबीज इतकी चांगली झाली की नंतर आठवडाभर आम्ही दोघांनीही फोन केला नाही. त्याने नाही, मी नाही. काहीतरी बोललं जाईल आणि आलेलं जाईल म्हणून. मॅचच्या वेळी तरी तो फोन करेल असं मला वाटलं होतं, आणि आली ती एक ओळ, संपल्यावर.

मघाशी मीच लावला फोन. पहिली पाच मिनिटं व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून दिलेले पंचांचे निर्णय. मग त्याने विचारलं, आईचं ब्लडप्रेशर कसंय. मग एका गोष्टीवरून आमचं थोडं वाजलंच, नेहमीचीच गोष्ट. फोन कुणी आपटला नाही. तो म्हणाला, दुसऱ्या लेगला मी तिथं असतो तर हाफटाइमलाच उठून गेलो असतो. मी म्हटलं, जाऊ दिलं नसतं.

फायनल 29 नोव्हेंबरला, लिमात. आपल्याकडे उजाडणारी तीस तारीख, रात्री अडीच वाजता. एकच सामना, दुसरा लेग नाही, आठवडा नाही. दादा म्हणतोय फ्लामेंगो जिंकायला पाहिजे, पाल्मेइरासची जिरली पाहिजे. मला ते पटत नाही. दिवसभर त्यांच्या नावाने बोटं मोडली, पण आता मनापासून वाटतंय की कप पाल्मेइरासनेच न्यावा. म्हणजे आपण हरलो ते चॅम्पियनकडून. आणि त्या चॅम्पियनला क्विटोत पंचेचाळीस मिनिटांत तीन मारले होते आपण.