मांघरला जाताय? मधाआधी जांभूळ बघा

साताऱ्याहून मेढा-केळघरमार्गे सकाळी लवकर निघालं की ऊन तापायच्या आत महाबळेश्वर येतं. तिथून मांघर साधारण ८ किलोमीटर. २०२२ साली देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून ते जाहीर झालं, तेव्हापासून मनात होतं. ओढ मधाची होतीच, पण त्याहून जास्त जांभळाची.

महाबळेश्वरच्या सदाहरित रानात अंजनी, पिसा आणि जांभूळ हीच मोठी बिरादरी. आम्ही मेच्या सुरुवातीला गेलो. जांभळाचा मोहर झडून फळ धरलं होतं, आणि सातेरी या देशी मधमाश्यांच्या पेट्यांतून मध काढायचं काम चालू होतं. एका मधपाळ काकांनी बोटावर थेंब दिला. रंगाला गडद, चवीला किंचित कडसर. नुसती गोडी ज्यांना हवी त्यांना तो आवडणार नाही. मला फार आवडला.

काका म्हणाले, “झाड तोडलं तर पैसा एकदाच. उभं ठेवलं तर उन्हाळ्यात मध आणि पावसाच्या तोंडाला फळ, दरसाल.” हे मला पुरेपूर पटलं. याच माश्या स्ट्रॉबेरीच्या फुलांवरही जातात, म्हणजे शेजारच्या वावराचंही भलं होतं. फळ पिकलं की बुलबुल, शेकरू, वटवाघळं, उदमांजर झाडावर तुटून पडतात. पाखरं आणि वटवाघळं बिया लांबवर नेऊन टाकतात, रान आपोआप वाढतं. ओढ्याच्या काठाला जांभळाची मुळं माती घट्ट धरतात. या धुवाधार पावसाच्या मुलखात त्याचं मोल मोठं आहे. शिवाय जांभूळ पाणथळ जागाही सोसतं.

फळाचा धंदा मात्र सोपा नाही. तोडलेलं जांभूळ दोन दिवसांत नरमतं, आणि फांदी ठिसूळ. वर चढण्यापेक्षा खाली जाळी बांधून फळ झेललेलं बरं. बाजार लांब असेल तर रस, गर, बियांची पूड यांचीच वाट धरावी.

लावायचं मनात असेल तर बी वाळवून डब्यात ठेवू नका. दोनेक आठवड्यांत त्याची रुजण्याची ताकद जाते. ताजंच पिशवीत घाला. बियांच्या झाडाला फळ यायला ८ ते १० वर्षं, कलमाला त्याच्या निम्मी. कलम घ्यायचं तर दापोली विद्यापीठाची ‘कोकण बहाडोली’ जात बघा. दोन झाडांत १० मीटर, म्हणजे एकराला ४०. सावली मोठी पडते, म्हणून शेजाऱ्याच्या पिकाकडचा बांध सोडून ओढ्याकडचा धरा.

गावात जाताना अत्तर लावू नका, फिके कपडे घाला, पेटीच्या दारासमोर उभे राहू नका. मध घेताना कोणत्या फुलाचा आणि कोणत्या महिन्यात काढलेला, हे विचारा. लोक आनंदाने सांगतात. जंगलातल्या झाडांची फळं ओरबाडू नका. हा सगळा टापू २००१ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे. जूनमध्ये पिकलेलं जांभूळ मिळेल, पण घाटात धुकं आणि दरडींचा धोका असतो, रस्त्याची चौकशी करूनच निघा. एकदाच जमणार असेल तर मार्चअखेर गाठा: झाडं मोहरलेली असतात आणि माश्यांची ये-जा डोळ्यांनी बघता येते.