अंगठा

१९ ऑक्टोबर, रात्र

आज तुरुंगात त्या मुलाने वकीलपत्रावर अंगठा उठवला, शाई विजारीला पुसली आणि विचारले, "ताई, ह्यात काय लिहिलंय?" मी घड्याळाकडे पाहत "तुझ्याच भल्याचं आहे" एवढेच म्हणाले, आणि ते वाक्य दिवसभर मनातून जात नाही. विधी साहाय्याचे मानधन किती, फेऱ्या किती, बाराला दुसऱ्या कोर्टात पुकारा होणार होता, हे सारे स्वतःला सांगून पाहिले. माझी दगदग कुणाला दिसते, असेही वाटून गेले.

तारीख नेमकी आजचीच असावी, हे अधिक लागले. १९४५ साली ह्याच दिवशी एअरी नेव्ह हा २९ वर्षांचा ब्रिटिश मेजर जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या तुरुंगात कोठडीमागून कोठडीत जाऊन, युद्धगुन्ह्यांच्या खटल्यासाठी धरलेल्या नाझी पुढाऱ्यांच्या हाती दोषारोपपत्र देत होता. ऑक्सफर्डला कायदा शिकलेला हा माणूस १९४० मध्ये कॅलेच्या लढाईत जखमी होऊन पकडला गेला होता, एकदा पळताना सापडून गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, चौकशीत पिळला गेला होता, आणि जानेवारी १९४२ मध्ये कैद्यांनीच शिवलेला जर्मन अधिकाऱ्याचा गणवेश चढवून, एका डच अधिकाऱ्यासोबत कोल्डित्झ ह्या युद्धकैदी अधिकाऱ्यांना ठेवलेल्या जर्मन किल्ल्यातून नाटकाच्या रंगमंचाखालून निसटून स्वित्झर्लंडला पोहोचला होता. आणि आता त्यालाच, हिटलरचा उजवा हात असलेल्या गोअरिंगसमोर उभे राहून, तुम्हाला पसंतीचा वकील देता येतो, हे समजावून सांगायचे होते. त्याला जर्मन येत होते, म्हणूनच ते काम त्याच्याकडे आले. त्या आरोपींपैकी रॉबर्ट लाय ह्याने तर खटला उभा राहण्याआधीच, सहा दिवसांत, गळफास घेतला.

पुढे नेव्ह खासदार झाला, थॅचरबाईंचा विश्वासू झाला, आणि ३० मार्च १९७९ रोजी संसदेच्या वाहनतळातून बाहेर पडताना गाडीखालच्या बॉम्बने गेला. मला मात्र तो कोठडीच्या दारातच दिसतो. ज्यांच्या राजवटीने त्याला कोंडले, त्यांनाही कागद कशाचा आहे हे सांगणे त्याला भाग होते. माझ्या अशिलाने माझे काय बिघडवले होते? तडजोड करण्याचा, त्याच्या वतीने पैसे घेण्याचा अधिकार त्याने मला त्या अंगठ्याने दिला, आणि त्याला ते ठाऊकही नाही.

असो. घाई ह्या व्यवसायात राहणारच. ती मला सोडवता येणार नाही. सोमवारी पुन्हा मुलाखत आहे. वकीलपत्राची प्रत आणि शाई पुसायला एक फडके आताच पिशवीत ठेवले आहे.