दादाने पुसून टाकलेला डेमन

सकाळी पावणेसातला दादाचा फोन. "कोइमतूरचं कोटेशन गेलंय म्हणालास, तिकडं आलंच नाही म्हणत्यात. आज बारापर्यंत भाव पोचला नाही तर ऑर्डर दुसऱ्याला."

मी अंथरुणातच लॅपटॉप उघडला. आदल्या दिवशी दुपारी त्याच कंपनीला ईमेलने चाचणीचं पत्र पाठवलं होतं आणि 'मिळालं' असं उत्तरही आलं होतं. मग रात्रीचं कोटेशन गेलं कुठं?

"तुला काही परत आलंय का?"

"न्हाई. तो कोण डेमन म्हणून येतोय सारखा. व्हायरस असंल म्हणून पुसून टाकतोय मी."

तो डेमन म्हणजे मेलर-डेमन, म्हणजे आमचाच मेल सर्व्हर. पत्र का पोचलं नाही ते इमानेइतबारे कळवत होता बिचारा, आणि दादा त्याला कचऱ्यात टाकत होता.

दादाचा इचलकरंजीत यंत्रमागाच्या सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे. मेलबॉक्स चौदा, आणि प्रत्येकामागे महिन्याचं भाडं. त्यातल्या निम्म्यांत फक्त बिलं येऊन पडायची. दिवाळीत घरी गेलो तेव्हा तो खर्च बघून मी म्हणालो, "आपलाच सर्व्हर टाकू की." संगणकावर पोट भरणाऱ्याने घरच्यांसमोर असं बोलू नये, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

भाड्याचा एक लहान सर्व्हर घेतला, दोन जीबी मेमरीचा, त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली. पत्रं पाठवायला-घ्यायला पोस्टफिक्स, वाचायला डव्हकॉट. दोन्ही जुने आणि भरवशाचे. पोस्टफिक्स वीत्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिला, डव्हकॉट फिनलंडच्या टिमो सिरायनेन यांचा. बसवायला दहा मिनिटंही लागत नाहीत. त्यामुळेच माणूस फसतो.

पहिलं पत्र बाहेर जाईना. 'कनेक्शन टाइम्ड आउट'. मी आधी स्वतःच्या फायरवॉलवर संशय घेतला आणि एक अख्खी संध्याकाळ घालवली. मग ५८७ नंबरच्या पोर्टवरून, म्हणजे दुसऱ्या दारातून, बाहेर जाऊन बघितलं तर रस्ता मोकळा, २५ वर मात्र भिंत. दोन मेल सर्व्हर एकमेकांशी बोलतात ते २५ वर, आणि बऱ्याच कंपन्या नव्या गिऱ्हाइकाला ते बंद करूनच सर्व्हर देतात, कारण असे स्वस्त सर्व्हर घेऊन दोन दिवसांत लाखो जाहिराती पाठवून पळणारे कमी नाहीत. सर्व्हर देणाऱ्या कंपनीकडे विनंतीचं तिकीट टाकलं, नकार आला. दुसऱ्यांदा नीट अर्ज केल्यासारखं लिहिलं: डोमेन कोणतं, दिवसाला साधारण किती पत्रं, जाहिराती नाहीत, यादीवर पाठवणं नाही. दोन दिवसांनी पोर्ट उघडलं. घरच्या ब्रॉडबँडवर हा उद्योग करू बघणाऱ्यांनी तो नाद सोडावा. तिथला पत्ता बदलता असतो आणि असे पत्ते गठ्ठ्यानेच ब्लॉकलिस्टवर, म्हणजे बदनाम पत्त्यांच्या यादीत, असतात.

मग लॉग, म्हणजे सर्व्हरची रोजनिशी, बघायला गेलो तर लॉगची फाइलच नाही. सगळीकडे लिहिलेलं असतं, मेल डॉट लॉग बघा. डेबियन १२ पासून ती फाइल लिहिणारा आरसिसलॉग आपोआप बसत नाही, सगळं सिस्टिमच्या जर्नलमध्ये जातं, आणि १२ वर तिथेही पोस्टफिक्सच्या नावापुढे ॲट आणि आडवी रेघ लावली तरच खऱ्या ओळी दिसतात. मी सरळ आरसिसलॉग बसवून टाकला. जुनी खोड.

खरा घाम फोडला तो डीकिमने. जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर सर्व्हरने सही करायची, त्या सहीची सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, ठेवायची, समोरच्याने ताडून बघायची. सही करायला ओपनडीकिम घेतला. पोस्टफिक्स त्याच्याशी सॉकेटच्या, म्हणजे दोन प्रोग्रॅमना जोडणाऱ्या, फाइलमधून बोलतो. लॉगमध्ये ओळ आली: 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. फाइल तर समोर होती! यादी काढली, आहे. पुन्हा काढली, आहे. तासाभराने ट्यूब पेटली. डेबियन १२ वर पोस्टफिक्सचे भाग स्वतःच्या स्पूल डिरेक्टरीत (पत्रांच्या रांगेच्या कप्प्यात) कोंडून घेऊन चालतात. त्यांच्या लेखी तीच डिरेक्टरी म्हणजे अख्खं जग, बाहेरचं काही दिसतच नाही. सॉकेट त्या कोठडीच्या आत ठेवला आणि पोस्टफिक्सला आतल्याच हिशोबाने मार्ग दिला. आता ओळ बदलली: 'परमिशन डिनाइड'. ती वाचून मला आनंद झाला, हे कुणाला सांगून पटणार नाही. म्हणजे फाइल निदान दिसायला लागली! पोस्टफिक्सच्या युजरला ओपनडीकिमच्या ग्रुपमध्ये घातलं, दोन्ही सेवा बंद करून सुरू केल्या, आणि सही उमटली.

उमटली, पण समोर पटेना. किल्ली अवैध म्हणे. हा माझाच शहाणपणा. २०४८ बिटची किल्ली एका दमात डीएनएसमध्ये मावत नाही, टीएक्सटी नोंदीतला एक तुकडा २५५ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही. किल्ली बनवणारा प्रोग्रॅम म्हणून तिचे अवतरणचिन्हांत तुकडे करूनच देतो. मला वाटलं हे नुसतं दिसायला केलंय, म्हणून मी हौसेने सगळी चिन्हं काढून एकसंध ओळ केली. डोमेनच्या पॅनेलने पहिली २५५ अक्षरं ठेवली आणि बाकीची न बोलता गिळली. डिग या आज्ञेने नोंद मागवून अक्षरं मोजली तेव्हा कळलं.

एसपीएफ त्यामानाने सोपं, या डोमेनची पत्रं कोणत्या पत्त्यावरून येतील तेवढं लिहायचं. डीमार्क, म्हणजे तपासणीत नापास पत्रांचं काय करायचं ती सूचना, आधी नुसतं बघ्याच्या भूमिकेत ठेवलं, महिन्याने 'क्वारंटाइन' (बाजूला टाका) केलं. राहिला पीटीआर, म्हणजे आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी उलटी नोंद. ती डोमेनच्या पॅनेलमध्ये शोधून उपयोग नाही. जमीन ज्या गावात, सातबारा तिथल्याच तलाठ्याकडे, तसा आयपी ज्याचा, त्याच्याकडेच ही नोंद होते. सर्व्हर भाड्याने देणाऱ्याच्या पॅनेलमध्ये ती मिळाली. १९८२ साली जॉन पॉस्टेल यांनी एसएमटीपी, म्हणजे ईमेल पाठवण्याचे नियम, लिहिले तेव्हा यातलं काहीच नव्हतं, 'मी अमुक' म्हटलं की समोरचा मान्य करायचा. आता नव्या पत्त्याला बाजारात पत नसते. तीन-तीन जामीन दाखवूनही लोक आधी संशयानेच बघतात. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहूने तर घाऊक पत्रं पाठवणाऱ्यांना हे जामीन नियमच करून टाकले.

हे सगळं झाल्यावर मी छाती फुगवून दादाला म्हणालो होतो, "चालू झालं."

तर आता ती सकाळ. लॉगमध्ये कोटेशनची ओळ सापडली. 'स्टेटस बाउन्स्ड' म्हणजे परत आलं, नकाराचा कोड ५५०, कारण पीटीआर नोंद नाही. असं कसं, नोंद तर मी स्वतः केलेली. वर सरकून दुपारचं पत्र बघितलं: 'स्टेटस सेंट'. पाठवणारा तोच, घेणारा तोच, सर्व्हर तोच. एक पोचतं, एक परत येतं. मी चहा ठेवला. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून अक्षर-अक्षर ताडलं, तेव्हा 'रिले'च्या (पत्र कुठल्या सर्व्हरकडे दिलं त्याच्या) पुढच्या चौकटी कंसात फरक दिसला. पोचलेल्या पत्रात चार आकड्यांचा, एकेरी ठिपक्यांचा पत्ता. परत आलेल्यात लांबलचक, दुहेरी ठिपक्यांचा.

आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता. सर्व्हरला दोन्ही पत्ते मिळालेले, मी पीटीआर केला फक्त जुन्या पद्धतीच्या पत्त्याला. एसपीएफमध्येही तेवढाच लिहिलेला. आणि समोरच्याकडे दोन्ही पत्ते असले की त्यातला आधी कुठला धरायचा ते पोस्टफिक्स चिठ्ठी उचलल्यासारखं ठरवतो. दुपारी माझं नशीब बरं होतं, रात्री दादाचं नव्हतं.

पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वापर म्हणून सांगितलं, रीलोड केलं, पत्र पाठवलं. परत आलं! ही एक सेटिंग नुसत्या रीलोडने लागू होत नाही, पोस्टफिक्स पूर्ण थांबवून सुरू करावा लागतो. हे दस्तऐवजात लिहिलेलं आहे, मी अर्ध्या तासाने वाचलं. साडेनऊला कोटेशन गेलं आणि लॉगमध्ये '२५० ओके' दिसलं. तरी मी दादाला म्हणालो, "एकदा फोन करून विचार." तोंड पोळलं होतं ना.

ऑर्डर मिळाली. आठवडाभर शांतता.

मग एका सोमवारी कारखान्यात एकही पत्र आलं नाही. एकही म्हणजे एकही. शनिवारी रात्री मी स्पॅम फार येतंय म्हणून एक ब्लॉकलिस्ट जोडली होती. पत्र आलं की पाठवणाऱ्याचा पत्ता त्या यादीला डीएनएसमधून विचारायचा, यादीत असेल तर ५५४ देऊन दारातूनच परत. लॉगमध्ये ५५४ ची रांग लागलेली: बँका, कुरियरवाले, दादाचा सीए. सगळे एका रात्रीत बदमाश? यादीकडून येणारं उत्तर हाताने मागवून बघितलं तर १२७.२५५.२५५.२५४. यादीत असलेल्या पत्त्याचं उत्तर असं नसतं. याचा अर्थ होता, 'तुम्ही सार्वजनिक डीएनएसमधून विचारताय, तुम्हाला सांगणार नाही.' माझ्या सर्व्हरवर डीएनएस म्हणून तेच सोपं, गूगलचं चार आठांचं सार्वजनिक घातलेलं होतं, आणि पोस्टफिक्सला काहीही उत्तर आलं की तो 'सापडला' समजतो. अनबाउंड बसवून सर्व्हरला स्वतःचं डीएनएस दिलं, आणि कुठली उत्तरं खरी धरायची तेही सेटिंगमध्ये लिहून ठेवलं.

दुःख याचं की ५५४ कायमचा नकार असतो, पाठवणारा पुन्हा प्रयत्न करत नाही. पोस्टफिक्समध्ये 'सॉफ्ट बाउन्स' नावाची सोय आहे. ती चालू असली की आपला प्रत्येक नकार 'नंतर या' असा जातो आणि समोरचा सर्व्हर पत्र धरून ठेवून पुन्हा येतो. दारावर नवा नियम लावताना दोन दिवस ती चालू ठेवायची असते. त्या सोमवारी मी तेवीस जणांना फोन करून 'परत पाठवा' म्हणालो.

पुतण्याने मध्येच विचारलं, "काका, पत्ताच मराठीत करता येईल का? .भारत आहे की." डॉट भारत २०१४ पासून आहे, आणि पोस्टफिक्सलाही ३.० पासून देवनागरी पत्ते कळतात. पण वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला ते कळावे लागतात. मी त्याला म्हणालो, आधी इंग्रजीतले पोचू देत.

शेवटचा झटका तीन महिन्यांनी, रविवारी. सगळ्यांच्या फोनवर 'सर्टिफिकेटची मुदत संपली'. सर्व्हरची ओळख पटवणारं ते लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं होतं. सर्टबॉट या प्रोग्रॅमने ते महिनाभर आधीच नवं करून ठेवलं होतं. फाइल ताजी, पण डव्हकॉट सुरू होताना वाचलेलं जुनंच कवटाळून बसलेला. रीलोड केला, दहा सेकंदांत मिटलं. तीच आज्ञा आता सर्टबॉटच्या हुकमध्ये टाकली आहे, नवं सर्टिफिकेट आलं की आपोआप चालते.

दादा हल्ली डेमनला पुसत नाही. स्क्रीनशॉट काढून पाठवतो आणि खाली लिहितो, 'आलाय बघ.' परवाही आला. ५५०, 'युजर अननोन'. मी लॉग उघडला, ओळ वाचली आणि त्याला लिहिलं, "सर्व्हर बरोबर आहे. तू गिऱ्हाइकाच्या नावात एक 'एच' जास्त घातलायस."