मोटरहोम बाहेर काढताना : बेळगाव ते हलशी, मग कणकुंबी

दसऱ्यानंतर बेळगावचा पाऊस आवरतो आणि चार महिने शेडमध्ये उभी असलेली मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, बाहेर काढायचे दिवस येतात. आम्ही पहिला मुक्काम मुद्दाम जवळ धरतो. खानापूर, नंदगड करत हलशी, साधारण 40 किलोमीटर. घाट नंतर. पावसाळ्यात गाडीचं जे काही बिघडलंय ते या पहिल्या टप्प्यात उघडं पडतं, आणि तिथून माघारी फिरणंही सोपं असतं.

सुरुवात छपरापासून. व्हेंट (हवा खेळायचं झाकण) आणि सोलर पॅनेलचे पाय जिथं बसवलेत तिथलं सीलंट नखानं दाबून बघा. कड सुटली असेल तर वरून थर चढवू नका. जुनं खरवडा, स्पिरिटनं पुसा, कोरडं होऊ द्या आणि मग पॉलियुरेथेन सीलंट भरा. सिलिकॉन टाळाच, त्यावर पुढं दुसरं काही चिकटत नाही. आतला प्लाय बोटाला मऊ लागला तर पाणी शिरलंय हे नक्की. पण डाग दिसतो तिथंच गळती असेल असं धरू नका. पाणी चौकटीवरून वाहत येऊन भलतीकडेच टपकतं.

पाण्याची टाकी 100 लिटरची असेल तर फिल्टर काढून ठेवा आणि भरलेल्या टाकीत 5 टक्क्यांचं, बिनवासाचं सोडियम हायपोक्लोराइट 100 मिली घाला. प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडा, चार तास तसंच ठेवा, मग रिकामी करून दोनदा धुवा. पंप फिरतोय पण पाणी ओढत नाही, अशा वेळी पंप खोलण्याआधी त्याच्या अलीकडची जाळी बघा. तिथली रबरी रिंग सुकून हवा ओढते, बहुतेकदा तेवढंच असतं.

गॅसच्या कप्प्याला मात्र वेळ द्या. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून कप्प्याच्या तळाला भोक ठेवलेलं असतं. पावसाळ्यात कुंभारीण माशी नेमकी तिथंच मातीचं घर बांधते. वरून काही दिसत नाही. गाडीखाली जाऊन तारेनं टोचून आरपार उजेड दिसतोय का ते पाहावं लागतं. भोक बुजलेलं असताना नळी गळली तर गॅस बाहेर जायला वाटच नाही. 5 किलोची टाकी जोडली की रेग्युलेटर, नळी आणि जोड यांना साबणाचा फेस लावा. बर्नरची ज्योत पिवळी दिसली तर जेटमध्ये, म्हणजे गॅस येतो त्या बारीक भोकात, कोळ्याचं जाळं असण्याचा संभव मोठा.

विजेचा हिशोब सोपा आहे. 12 व्होल्टची 100 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे सुमारे 1280 वॅट-तास. ऑक्टोबरच्या उन्हात फ्रिज दिवसाला 500 खातो, पंखा रात्रभर 200, दिवे आणि पंप मिळून 100. 200 वॅटचं पॅनेल स्वच्छ उन्हात जेमतेम तेवढं भरून काढतं, फणसाच्या सावलीत नाही. गाडी चालू असताना 30 अँपिअरचा चार्जर तासाला 380च्या आसपास देतो, त्यामुळं हलशीला पोचेपर्यंत निम्म्या दिवसाची सोय होते.

सगळं भरून झालं की वजनकाट्यावर जा. पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोला. मागच्या चाकांच्याही मागं सामान वाढलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगल्यासारखं लागतं. टायरवरचा चार आकडी शिक्काही वाचा. 3519 म्हणजे 2019 सालचा 35वा आठवडा. मोटरहोमचे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात, नक्षी शाबूत दिसली तरी बाजूच्या भेगा बघा.

खानापूर तालुक्यात सुगी सुरू झाली की आतल्या रस्त्यांवर भात आणि पिंजर (पेंढा) पसरलेलं असतं. त्यावरून गाडी नेणं धोक्याचं. पिंजर प्रोपेलर शाफ्टला गुंडाळतं, तापलेल्या सायलेन्सरला चिकटतं, आणि बीएस-6 डिझेल गाडीचा धुरातली काजळी अडवणारा फिल्टर ती जाळून स्वतःला साफ करत असेल तर पेटायला वेळ लागत नाही. उतरून "दादा, जरा बाजूला घेऊया का?" म्हणा, दोन हात लावा, वाट मिळते. पुढं गेल्यावर थांबून खाली एकदा वाकून बघायचंच. हलशीत भूवराह नरसिंहाच्या देवळाकडं जाणाऱ्या गल्ल्या अरुंद आहेत, गाडी गावाबाहेरच लावून चालत जा. कदंबांचं हे देऊळ सकाळी निवांत पाहण्यासारखं आहे.

रात्र धड गेली, सकाळी टाकीखाली ओल नाही, तर जांबोटीमार्गे कणकुंबी. मलप्रभेचा उगम इथला. भीमगड अभयारण्याच्या जंगलात रात्री गाडी लावू नका. मुक्काम गावात, विचारून. पुढं गोव्याकडं चोर्ल्याचा घाट उतरायला लागण्याआधीच खालचा गिअर टाका. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर लायनर तापून वास येतो आणि पेडल पुढं निसटतं. तसं झालं तर रुंद जागी थांबा, चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढू नका, ड्रमवर पाणी ओतू नका आणि अर्धा तास निवू द्या.