तुम्ही विचारलंत म्हणून: अक्कानं दीक्षा घेतली तेव्हा तिला अडवलं का नाही?

अडवलं होतं. हे आधीच सांगतो, कारण फोंड्यातल्या आमच्या दुकानात खिळे तोलून घेता घेता लोक विचारतात तेव्हा आम्हा जैनांना याचं कौतुकच असणार, असं त्यांनी धरलेलं असतं. नुस्तं, म्हणजे मासे, खात नाही इथपर्यंत कुणाची हरकत नाही, शिवराक, म्हणजे शाकाहारी, माणसं गोव्याला नवी नाहीत. पण चांगली नोकरी करणारी बहीण आर्यिका, म्हणजे जैन साध्वी, होते म्हणजे काय!

मी तिला तोंडावर म्हणालो होतो, ‘मुंगीवर दया आणि आईवर नाही?’ या वाक्यावर मी बरेच दिवस खूश होतो.

लहानपणी बाबा आम्हाला बांदिवड्याच्या पडक्या नेमिनाथ बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, न्यायचे. स्वतःच्या लग्नाच्या जेवणावळीसाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकून नेमिनाथांनी रथ वळवला नि गिरनार गाठला, ही गोष्ट तिथंच ऐकलेली. अक्का विचारायची, जनावरं सुटली ना? मी विचारायचो, नटून बसलेल्या नवरीचं, राजुलचं काय? तीही आर्यिका झाली, असं बाबा सांगायचे आणि घरी चला म्हणायचे.

दीक्षेनंतर तिला पहिल्यांदा आहार द्यायला मिळाला तो बेळगावकडच्या एका गावात. मे महिना. आईनं पहाटेपासून चौका, म्हणजे आहारासाठीचा सोवळ्यातला स्वयंपाक, लावलेला, पाणी दुहेरी फडक्यातून गाळून उकळलेलं. ‘हे माताजी, वंदामि, अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ’ म्हणताना माझी जीभ ‘माताजी’पाशी अडली. ती आली, बसली, ओंजळ पुढं केली. आर्यिकेचं जेवण दिवसातून एकदाच, पाणीसुद्धा तेव्हाच. आईनं तीन घास दिले. चौथा माझा, दूधभात. ओंजळीतल्या शितांत काळं काहीतरी दिसलं. तीळ असेल, म्हटलं. दूधभातात तीळ कुठून येणार?

मेलेली मुंगी. अंतराय, म्हणजे आहारात विघ्न; जेवण तिथंच संपलं.

तिनं बोटं सैल सोडली, भात खालच्या ताटात पडला. हात धुऊन मोरपिसांची पिंछी उचलली आणि निघाली. आता पाणी उद्याच. आई नुसतं ‘अगं’ म्हणाली. अक्कानं माझ्याकडं बघितलं नाही. की बघितलं? मीच ताटात बघत होतो.

मुंगी तर मेलीच होती, उपाशी राहून ती उठणार होती का? त्या दिवशी हे मी मोठ्यानं म्हणालो. आज म्हणणार नाही. ते चुकीचं होतं असंही म्हणवत नाही. एवढं खरं, की भात मी निवडून बघितला नव्हता.

आणि हो, दुकानात आम्ही उंदरांचं विष ठेवत नाही, फक्त पिंजरे. म्हणजे आता ठेवत नाही. अक्का घरात होती तेव्हा 3 वर्षं विकलं, ती बोलली की ‘धंदा आहे’ म्हणायचो. ती गेल्यावर बंद केलं. का, ते विचारू नका.

आई हल्ली सकाळी दहापर्यंत चहा घेत नाही. आहाराची वेळ टळली की मग विचारते, ‘झाला असेल ना रे नीट?’ मी ‘झाला असेल’ म्हणतो आणि आधण ठेवतो.