परवानगी दिली, पण फाइलचा मालक कोण?

लिनक्सवर वर्डप्रेस, म्हणजे वेबसाइट आणि ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर, पाच मिनिटांत बसतं असं जिथे तिथे वाचायला मिळतं. माझ्या उबुंटू 24.04 वर (लिनक्सचाच एक प्रकार) तीन संध्याकाळी गेल्या, आणि त्यातल्या दोन एकाच चौकटीसमोर. ती चौकट एफटीपीचा (फाइली एका मशीनवरून दुसऱ्यावर पाठवायची पद्धत) पासवर्ड मागत होती आणि माझ्या मशीनवर एफटीपी सर्व्हर नव्हताच! अजून आठवलं की चिडचिड होते, म्हणून सगळं लिहून ठेवतेय. अपाचे (वेबसर्व्हर), मारियाडीबी (डेटाबेस) आणि पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) अ‍ॅप्टने, म्हणजे उबुंटूच्या सॉफ्टवेअर बसवायच्या कमांडने, विनातक्रार आले, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

वर्डप्रेसची टार फाइल (सगळ्या फाइलींचं एक गाठोडं) मी सुडो लावून, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी 'रूट' खात्याच्या हक्काने, थेट अपाचेच्या एचटीएमएल फोल्डरमध्ये उलगडली. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला, डेटाबेसचं नाव भरलं. खरी खूण तिथेच मिळाली होती. डब्ल्यूपी-कॉन्फिग ही सेटिंगची फाइल लिहिता येत नाही, हा मजकूर घ्या आणि फाइल तुम्हीच तयार करा, असं पडद्यावर आलं. मी मुकाट्याने मजकूर चिकटवला आणि पुढे गेले. का लिहिता येत नाही, हे तेव्हाच बघायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी फोटो चढवायला गेले तर अपलोड्सचं फोल्डर बनेना. प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा जादा भाग) घ्यायला गेले तर ती चौकट आली: होस्टनेम, युजरनेम, पासवर्ड. लिनक्सचं माझंच नाव आणि पासवर्ड घातला, अर्थातच चालला नाही. मग व्हीएसएफटीपीडी नावाचा एफटीपी सर्व्हर बसवला. आता लॉगिन झालं, पण त्या फोल्डरमध्ये लिहायचा हक्क माझ्या खात्यालाही नव्हता. एक संध्याकाळ अशी संपली.

मग जो तो सांगतो तो उपाय केला: परवानग्या बदलणारी कमांड चेमॉड 777, आतल्या सगळ्या फोल्डर-फाइलींसकट. फोटो चढला. मला वाटलं, सुटलो एकदाचे. प्लगइनचं बटण दाबलं, आणि पुन्हा तीच चौकट, तेच तीन रकाने.

इथे माझी मती गुंग झाली. 777 म्हणजे मालक, गट आणि बाकीचे सगळे, तिघांनाही वाचायची, लिहायची, चालवायची मुभा. याच्यावर आणखी परवानगी द्यायची तरी कुठली? फोटो चालतो आणि प्लगइन चालत नाही, याची संगती काही केल्या लागेना. अपाचे चार वेळा रीस्टार्ट केला, ब्राउझर बदलून पाहिला. तासभर असाच गेला.

शेवटी टर्मिनलमध्ये अपलोड्सच्या फोल्डरात जाऊन 'एलएस -एल' (फाइलींची तपशीलवार यादी दाखवणारी कमांड) दिलं, फोटो नीट पोचलाय का एवढंच बघायला. फोटोच्या ओळीत मालकाच्या जागी होतं 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा'. वर्डप्रेसच्या मुख्य फोल्डरमध्ये परत येऊन तीच कमांड दिली. तिथे ओळीमागून ओळ 'नोबडी नोग्रुप', 'नोबडी नोग्रुप'. मी सगळीकडे परवानग्याच बघत बसले होते, मालकाचा रकाना एकदाही वाचला नव्हता.

उलगडा असा. अपाचे उबुंटूवर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या खात्याने चालतो, म्हणून त्याने लिहिलेला फोटो त्याच्या नावावर. टार मात्र रूटने उलगडली की आत नोंदलेला मालक तसाच ठेवते, आणि तो होता नोबडी, क्रमांक 65534. प्लगइन बसवण्याआधी वर्डप्रेस आपल्या डब्ल्यूपी-कंटेंट या फोल्डरमध्ये एक तात्पुरती फाइल लिहून बघतं आणि तिचा मालक स्वतःच्या फाइलीच्या मालकाशी ताडून पाहतं. दोन्ही सारखे असले तर थेट काम करतं, नसले तर एफटीपी मागतं. एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट असतात तेव्हा वेबसर्व्हरच्या नावावर तयार झालेल्या फाइलीत शेजारची साइटही ढवळाढवळ करू शकते, म्हणून ही खबरदारी. कारण मला पूर्ण पटतं. पण 'मालक जुळत नाही' एवढी एक ओळ त्या चौकटीत असती तर माझ्या दोन्ही संध्याकाळी वाचल्या असत्या.

इलाज एका ओळीचा: मालक बदलणाऱ्या चाऊन कमांडने अख्खं फोल्डर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या नावावर केलं. बटण दाबलं, प्लगइन उतरलं, चौकट आलीच नाही. मी खुर्चीतून उठून खोलीभर एक फेरी मारली, इतकं हायसं वाटलं.

एकट्याच्या मशीनवर हे पुरतं. पण त्यानंतर 777 आठवणीने काढून टाका. फोल्डरना 755 (लिहायचा हक्क फक्त मालकाला), फाइलींना 644 (मालकाला वाचणं-लिहिणं, बाकीच्यांना फक्त वाचणं), आणि डब्ल्यूपी-कॉन्फिगला 640 (मालक आणि गटाबाहेरच्यांना काहीच नाही), कारण तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड उघडा लिहिलेला असतो. सरसकट 755 देऊ नका, मग प्रत्येक साधी फाइलही चालवण्याजोगी होते. आणि कॉन्फिगमध्ये 'एफएस_मेथड डायरेक्ट' ही ओळ घालायचा सल्ला मिळेल. तिने चौकट गप्प होते, मालकीचा घोळ तसाच राहतो. आधी मालक बघा.

हो, डेटाबेसचं आधीच सांगायला हवं होतं. मारियाडीबीच्या रूट खात्याचा पासवर्ड शोधत बसू नका, टर्मिनलमधून सुडो लावून आत जा आणि वर्डप्रेससाठी वेगळा युजर करा. एफटीपी सर्व्हर बसवला असेल तर तोही काढून टाका, मी दोन आठवडे विसरले होते.

मोठा फोटो चढला नाही तर परवानग्यांच्या मागे लागू नका. पीएचपीची मूळ मर्यादा 2 एमबी असते. पीएचपी.आयएनआय नावाच्या सेटिंगच्या फाइली दोन सापडतील, एक सीएलआयच्या (म्हणजे टर्मिनलसाठीच्या) फोल्डरात, एक अपाचे2 च्या. बदलायची ती दुसरी, आणि मग अपाचे रीस्टार्ट.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक. लेखाच्या पत्त्याला वर्डप्रेस 200 अक्षरांची जागा देतं, पण देवनागरीचं एकेक चिन्ह तिथे 9 जागा खातं. म्हणजे काना, मात्रा, वेलांटी धरून जेमतेम 22 चिन्हं मावतात. माझ्या पहिल्याच लेखाचा पत्ता शब्दाच्या मधोमध तुटला होता. आता प्रसिद्ध करण्याआधी मी दोन-तीन शब्दांचा पत्ता हाताने लिहिते.